पाद्र्याची पेटी : एक पावसाळा वापरून पाहिलेला प्रवासी प्रभुभोजन संच

भूदलात धर्मगुरू म्हणून २२ वर्षे सेवा करून मी निवृत्त झालो आणि आता मुंबईत, भायखळ्याच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये), पाळकसाहेब रजेवर असले की उपासना चालवतो व उरलेल्या दिवसांत आजाऱ्यांच्या भेटी घेतो. या वर्षी आमच्याच मंडळीत लहानाचा मोठा झालेल्या एका तरुण पाळकाची सैन्यात धर्मगुरू म्हणून निवड झाली. त्याला निरोपाची भेट काय द्यावी याचा विचार सुरू झाला, तेव्हा बहुतेकांच्या मनात प्रवासात नेता येईल असा प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षरस देण्याच्या ख्रिस्ती विधीचा, संच द्यावा असे आले आणि खरेदीचे काम साहजिकच माझ्याकडे सोपवण्यात आले. तो निघायला अजून तीन महिने होते. म्हणून मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संच घेतला, त्याची संमती घेऊन गणपतीपर्यंत स्वतः वापरला आणि जे दोष दिसले ते दुरुस्त करून मगच त्याच्या हाती दिला. सैन्यात जाणाऱ्या किंवा रुग्णालयात सेवा करणाऱ्या इतर पाळकांना उपयोग व्हावा, म्हणून त्या तीन महिन्यांचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. संच मनापासून बनवलेला आहे आणि शहरातल्या पाळकाला तो जसा आहे तसा पुरेल. परंतु पलटणीतल्या पाद्र्यासाठी तो आहे त्या स्थितीत घेऊ नये.

संच वांद्र्याच्या एका जुन्या दुकानातून घेतला. दुकान लहान आहे, बाहेर मेणबत्त्यांचे गठ्ठे आणि आत काचेच्या कपाटात मूर्ती, जपमाळा, उपासनेची वस्त्रे असा सारा माल खच्चून भरलेला असतो. दुकान सांभाळणाऱ्या बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. मी प्रॉटेस्टंट पाळक आहे हे सांगूनही त्या मला शेवटपर्यंत फादरच म्हणत राहिल्या आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, कारण पलटणीत मी इतकी वर्षे कॅथलिक, लुथरन, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा सर्वांचाच पादरी साहेब होतो. बाईंनी तीन प्रकारचे संच काढून दाखवले, प्रत्येक वस्तू हातात घेऊ दिली, घाई केली नाही. मी निवडलेल्या संचाची किंमत ८,५०० रुपये होती. मंडळीसाठी आहे हे कळल्यावर त्यांनी ५०० रुपये कमी केले.

काळ्या कापडी आवरणाची, आतून निळ्या मखमलीने मढवलेली ही पेटी आहे. मखमलीखाली स्पंज आहे आणि त्यात प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कापलेला आहे. चांदीचा मुलामा दिलेला पितळी प्याला, तसेच तबक, भाकरीची झाकणाची डबी, द्राक्षरसासाठी व पाण्यासाठी काचेच्या दोन बाटल्या, तेलाची लहान कुपी, उभा करता येणारा क्रूस, मेणबत्तीची दोन ठाणी, दोन पांढरी वस्त्रे, एक अरुंद स्टोल (विधीच्या वेळी पाळकाने गळ्यात घालायचा पट्टा) आणि प्रभुभोजनाच्या विधीची इंग्रजी पुस्तिका एवढे सामान त्यात बसते. सारे भरून माझ्या घरच्या काट्यावर वजन २ किलो ३०० ग्रॅम भरले.

या सामानाची पारख करण्यापूर्वी, सैन्यातला पाद्री करतो काय हे थोडे सांगावे लागेल. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रविवारची उपासना येते. ती असतेच. छावणीच्या सर्वधर्मस्थळात पंडितजी, ग्रंथीजी, मौलवी साहेब आणि पादरी यांची उपासनास्थाने एकाच छपराखाली असतात. मी ज्या ज्या ठिकाणी राहिलो तेथे आम्ही चौघे एकमेकांच्या सणांची तयारी करायला हात लावत असू. परंतु भरतीच्या जाहिरातीतच धर्मगुरूची जी कामे लिहिलेली असतात, ती वाचली तर या नोकरीचा खरा पसारा कळतो : अंत्यविधीला उपस्थित राहणे, रुग्णालयातल्या आजाऱ्यांची सेवा करणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना करणे, शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, अधिकारी, जवान व त्यांच्या कुटुंबीयांच्या हिताकडे लक्ष देणे. यातले जवळजवळ प्रत्येक काम चर्चच्या भिंतीबाहेरचे आहे. धर्मगुरू नायब सुभेदार या हुद्द्यावर भरती होतो, त्याआधी त्याला आपल्या मंडळीची दीक्षा झालेली असावी लागते आणि बिशपांच्या मान्यतेच्या यादीत त्याचे नाव असावे लागते. पण रुजू झाल्यावर त्याचे व्यासपीठ म्हणजे खाटेशेजारचे स्टूल असते. प्रभुभोजनाचा संच त्या स्टुलाजवळ कसा वागतो, ही माझ्या मते त्याची एकमेव कसोटी आहे.

सैन्यातल्या पाद्र्याला इंग्रजीत चॅप्लेन म्हणतात. त्या शब्दाचा उगमही एका सामानाशीच जोडलेला आहे. चौथ्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूर नगरीचे बिशप झालेले संत मार्टिन तरुणपणी रोमन सैन्यात होते. थंडीत कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला त्यांनी आपल्या झग्याचा अर्धा भाग तलवारीने कापून दिला, अशी कथा सांगतात. पुढे फ्रँक राजे तो झगा पवित्र ठेवा म्हणून लढाईला बरोबर नेत असत. झग्याला लॅटिनमध्ये काप्पा म्हणतात. तो झगा जेथे ठेवत त्या जागेवरून चॅपल हा शब्द आला आणि जे धर्मगुरू तो सांभाळत त्यांच्यावरून चॅप्लेन. छावणीबरोबर एक पवित्र वस्तू वाहून नेणारा माणूस, असा या शब्दाचा पहिला अर्थ आहे. म्हणूनच पाद्र्याची पेटी कशी असावी, या प्रश्नाकडे मी इतक्या गांभीर्याने पाहतो.

आता प्याल्याविषयी. दिसायला तो सुंदर आहे, हातात धरल्यावर तोल चांगला लागतो, काठ ओठाला टोचत नाही. परंतु महिन्याभरातच आतल्या तळाशी मुलामा पिवळसर दिसू लागला. आपल्या घरांत पितळेच्या भांड्याला कल्हई का करतात हे ज्याला माहीत आहे त्याला यातला धोका लगेच कळेल. ताक, चिंच, लिंबू असे काहीही आंबट उघड्या पितळेत ठेवले की ते कळकते. द्राक्षरसही आंबटच असतो. रोगी माणसाच्या ओठाला लावायच्या प्याल्यात हे चालणार नाही. मी तो घेऊन पायधुणीजवळ तांबाकाट्याला गेलो. तेथल्या एका वयस्क कारागिराने प्याला उलटासुलटा पाहून सांगितले की, कल्हई करायची तर भांडे तापवावे लागेल; त्या उष्णतेने बाहेरचा मुलामा जाईल आणि वाटी व दांडा यांना जोडणारा डाखही सुटेल. त्याने आतून चांदीचा जाड मुलामा चढवून दिला, ९०० रुपये घेतले, आणि त्यानंतर दोन महिने रोज वापरूनही डाग पडलेला नाही. दुकानात याच मापाचा साधा स्टीलचा प्यालाही होता. तो घेतला असता तर ९०० रुपये आणि दोन फेऱ्या वाचल्या असत्या. चांदीचा रंग पवित्र आणि स्टीलचा घरगुती, असा विचार करून मी पितळी घेतला होता. पुन्हा घ्यायची वेळ आली तर स्टीलचाच घेईन. कर्नल साहेबांपासून स्वयंपाक्यापर्यंत सारे ज्या धातूच्या ताटात जेवतात, त्या धातूच्या प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायला जवानांना कधीच संकोच वाटणार नाही.

एका प्याल्याचा प्रश्न आणखी एका बाजूने पाहायला हवा. कोविडनंतर रुग्णालयात सर्वांनी एकाच प्याल्याला ओठ लावणे अनेकांना नको वाटते आणि ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा रुग्णाच्या बाबतीत ती भीती रास्तही आहे. काही मंडळ्यांत लहान लहान पेल्यांची पद्धत पूर्वीपासून आहे. मी भाकर रसात किंचित बुडवून देतो. पण संचात सहा लहान पेल्यांसाठी एक खळगा ठेवला असता तर हा संच सगळ्याच मंडळ्यांच्या पाळकांना उपयोगी पडला असता. कॅथलिक जवानांसाठी मिस्सा (त्यांचा प्रभुभोजनाचा विधी) कॅथलिक आचार्यांनीच करायची असते, त्यामुळे त्यांच्यासाठी मी जवळच्या धर्मग्रामातल्या फादरांना विनंती करीत असे आणि पेटी त्यांच्या हवाली करीत असे. सैन्यातली पेटी अनेकांच्या हातांत जाते, हे बनवणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे.

काचेच्या बाटल्या मात्र सरळ काढून टाकाव्यात. लडाखमधल्या एका ठाण्यावर नाताळच्या आदल्या रात्री माझ्या पेटीतली द्राक्षरसाची बाटली गोठून तडकली होती. द्राक्षरसात बहुतांश पाणीच असते, ते गोठताना फुगते आणि काच फुटते. सकाळी पेटी उघडली तेव्हा वस्त्रावर जांभळा बर्फ आणि काचांचे तुकडे पडले होते. त्या दिवशी आम्ही मनुका गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घेतल्या आणि त्या रसावर प्रभुभोजन केले. बंकरात १४ जण होते आणि त्यांच्यातल्या एकालाही काही कमी पडल्यासारखे वाटले नाही. त्यानंतर बाटली मी रात्रभर कोटाच्या आतल्या खिशात ठेवू लागलो. नव्या पेटीत मी २०० मिलिलिटरच्या दोन स्टीलच्या बाटल्या ठेवल्या आहेत. त्या पूर्ण भरायच्या नाहीत, वर दोन बोटे जागा सोडायची, हे त्या तरुणाला दोनदा सांगितले आहे.

मेणबत्तीच्या ठाण्यांविषयी माझे मत अधिक कठोर आहे. दोन्ही मिळून ४०० ग्रॅम वजन आहे आणि जेथे पाद्र्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच जागी ज्योत लावता येत नाही. जुलैमध्ये मी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात आमच्या मंडळीतल्या आजीबाईंना प्रभुभोजन द्यायला गेलो होतो. पेटी उघडून ठाणी बाहेर काढताच परिचारिका धावत आल्या, कारण शेजारच्या खाटेवर प्राणवायू सुरू होता. चूक पूर्णपणे माझी होती आणि मी क्षमा मागितली. पुढे सीमेवरच्या ठाण्यातही हेच : तंबूत रॉकेलची बुखारी (ऊब देणारी शेगडी) धगधगत असते, जागा अरुंद असते, आणि काही ठिकाणी रात्री उजेड दिसू द्यायचा नसतो. तेव्हा ठाणी घरी ठेवून त्यांच्या खळग्याचा काय उपयोग केला, ते पुढे सांगतो.

पेटीच्या आतल्या मखमलीला मुंबईच्या पावसाने एका महिन्यात हरवले. जुलैच्या अखेरीस स्पंजाला कुबट वास येऊ लागला, ऑगस्टमध्ये कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली आणि खालचे वस्त्र पिवळे पडले. काचेचे कपाट असलेल्या चर्चमध्ये मखमल शोभते. लोकलच्या गर्दीत भिजलेल्या छत्र्यांना टेकून जाणाऱ्या पेटीला ती सोसत नाही आणि ईशान्येकडच्या पावसाला तर मुळीच सोसणार नाही. धारावीत चामड्याच्या व कापडी पिशव्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून मी आतले सारे अस्तर काढून घेतले आणि पाणी न शोषणाऱ्या फोमचे नवे बसवून घेतले. त्याच वेळी त्याच्याकडून हातात धरायच्या मुठीऐवजी खांद्यावरून आडवा जाणारा रुंद पट्टा शिवून घेतला. संचात केलेल्या बदलांतला हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कारण पाद्र्याचे दोन्ही हात मोकळे असायला हवेत. दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात, ११ डिसेंबर १८७९ रोजी, काबूलजवळ रेव्हरंड जेम्स विल्यम अॅडम्स या चॅप्लेनसमोर नवव्या लान्सर्सचे काही स्वार घोड्यांसकट पाण्याने भरलेल्या खोल चरात कोसळले होते. घोड्यांखाली ते दडपले गेले होते आणि शत्रू अगदी जवळ आला होता. अॅडम्स कमरेइतक्या पाण्यात उतरले, आपला घोडा सोडून दिला आणि दोन्ही हातांनी त्या माणसांना ओढून बाहेर काढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले धर्मगुरू ठरले. साम्राज्याच्या त्या युद्धाविषयी आपले मत काहीही असो, माणूस चरात पडलेला असताना पाद्र्याच्या हातात पेटीची मूठ असता कामा नये, एवढे त्यावरून मी शिकलो आहे. माझ्या वाट्याला तसा प्रसंग आला नाही. परंतु स्ट्रेचरचा चौथा कोपरा धरायला माणूस कमी पडला, असे मात्र अनेकदा झाले.

पेटीचे झाकण पूर्ण मागे पडून सपाट होते आणि त्यावर वस्त्र अंथरले की वेदी तयार होते. ही रचना उत्तम आहे, बिजागऱ्या भक्कम आहेत आणि ज्याने ती आखली त्याला या कामाची खरी जाण असली पाहिजे. कोरियन युद्धात फादर एमिल कापाउन यांनी जीपच्या बॉनेटवर वस्त्र पसरून मिस्सा केल्याचे १९५० च्या ऑक्टोबरमधले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल; त्यानंतर काही आठवड्यांतच ते पकडले गेले आणि मे १९५१ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत, उपाशी सोबत्यांची सेवा करता करता वारले. सैन्यातल्या वेदीला हातभर सपाट जागा पुरते. आमच्या चाळीतल्या घरांतही तेवढीच मिळते : एकदा पाणी भरलेल्या पिंपाच्या झाकणावर, एकदा शिवणयंत्राच्या फळीवर मी ही पेटी उघडली आणि दोन्ही वेळा ती डगमगली नाही.

यानंतरचा दोष गंभीर आहे. पेटीच्या बाहेरच्या बाजूला पांढऱ्या चौकोनावर लाल क्रूस शिवलेला होता, त्याच्या चारही भुजा सारख्या लांबीच्या होत्या. बनवणाऱ्याने तो ख्रिस्ती चिन्ह म्हणूनच लावला असणार. परंतु पांढऱ्यावरचा लाल क्रॉस ही युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांना संरक्षण देणारी खूण आहे, धर्माचे चिन्ह नव्हे, आणि भारतात १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमानुसार केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती कोणालाही वापरता येत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी सैन्याबरोबरच्या धर्मगुरूंनाही वैद्यकीय सेवकांसारखेच संरक्षण दिले आहे. ते शत्रूच्या हाती सापडले तर युद्धकैदी मानले जात नाहीत आणि कैदेतल्या आपल्या माणसांची आध्यात्मिक सेवा त्यांना करू द्यावी लागते. पण ती खूण कोणी, केव्हा, कशी धारण करायची हे सैन्य ठरवते. दुकानात मिळणाऱ्या पेटीवर ती सर्रास शिवली जाऊ लागली तर जिच्या भरवशावर रुग्णवाहिका गोळीबारातून पुढे जाते त्या खुणेचा मान कमी होतो. मी ते कापड उसवून काढले आणि तेथे तपकिरी कापडाचा साधा, खालची भुजा लांब असलेला क्रूस शिवून घेतला. दुकानातल्या बाईंना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी मन लावून ऐकले, वहीत लिहून घेतले आणि उरलेल्या दोन पेट्यांवरचे लाल क्रूस माझ्यासमोर काढायला सुरुवात केली. दुकान चांगले आहे असे मी जे म्हणतो, ते मुख्यतः या कारणाने.

संचातली इंग्रजी पुस्तिका नीट छापलेली आहे, पण पलटणीत तिचा फारसा उपयोग होणार नाही. माझी काही वर्षे बिहार रेजिमेंटच्या केंद्रात, दानापूरला गेली. तेथेच १८०६ मध्ये हेन्री मार्टिन हे ईस्ट इंडिया कंपनीचे चॅप्लेन म्हणून आले होते आणि छावणीचे काम सांभाळून त्यांनी नवा करार हिंदुस्तानीत आणण्याचे काम केले. लोकांना त्यांच्या भाषेत ऐकू यावे ही तळमळ मला त्याच छावणीत शिकायला मिळाली. छोटा नागपूरकडचा एक जवान तापाने रुग्णालयात होता. डॉक्टर, परिचारिका आणि मी, कोणाच्याही हिंदी बोलण्याला तो उत्तर देत नव्हता. शेवटी त्याच्या गावाकडच्या एका सोबत्याकडून शिकलेले, त्या भागातल्या सादरी बोलीतले भजन मी खाटेशेजारी बसून मोडक्या उच्चारांनी गुणगुणलो, तेव्हा त्याने डोळे उघडून माझी चाल दुरुस्त केली. म्हणून इंग्रजी पुस्तिकेच्या जागी मी देवनागरीत टंकलेली हिंदी विधिपुस्तिका ठेवली आहे, अक्षर मोठे आहे, कारण बंकरातला उजेड अपुरा असतो. कोरी पानेही जोडली आहेत. आज मिझो, उद्या तमिळ, परवा मुंडारी, जे शिकायला मिळेल ते त्याने तेथे उतरवून घ्यावे.

आता मेणबत्तीच्या ठाण्यांचा रिकामा खळगा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी मी त्या तरुणाला घेऊन कुलाब्याला अफगाण चर्चमध्ये गेलो. मुंबईत सैन्याच्या धर्मगुरूंचा इतिहास जुना आहे. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथीड्रल कंपनीचे चॅप्लेन रिचर्ड कॉब यांच्या खटपटीने उभे राहिले आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी उघडले, हे त्याला ठाऊक होते. अफगाण चर्चजवळून मात्र तो बसने अनेकदा गेला असूनही आत कधी गेला नव्हता. १८५८ मध्ये समर्पित झालेले हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचे स्मारक आहे. त्याचा उंच मनोरा पूर्वी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून दिसत असे. आतल्या शिलालेखाचा आशय असा आहे की, अधिकाऱ्यांची नावे वर लिहिली आहेत, परंतु कनिष्ठ हुद्देदार आणि शिपाई इतके होते की त्यांची नावे तशी नोंदवता आली नाहीत. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा निवृत्त व्हायला एक वर्ष उरले होते आणि मी तेथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो होतो. तो तरुणही वाचून गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “काका, तुम्ही नावं लिहून ठेवायचात?”

मी लिहून ठेवीत असे. पहिल्या नेमणुकीपासून माझ्या खिशात एक वही होती. जवानाचे नाव, गाव, आईचे नाव, लग्न झाले असेल तर पत्नीचे आणि मुलांचे नाव, कोणते गीत आवडते, रुग्णालयात केव्हा होता, घरी काय अडचण आहे, एवढेच त्यात असे. जे कोणी विश्वासाने सांगितले ते मी कधी कागदावर उतरवले नाही. त्यात सारे ख्रिस्तीच होते असेही नाही. शिक्षा भोगणाऱ्या एका मराठी जवानाला मी दर आठवड्याला भेटत असे. तो पंढरीचा माळकरी होता, मी त्याच्याशी धर्माविषयी कधी बोललो नाही, त्याच्या आईची पत्रे वाचून दाखवीत असे आणि तो सांगेल तसे उत्तर लिहीत असे. त्याच्या सुटकेची तारीख माझ्या वहीत होती आणि त्या दिवशी पंडितजी आणि मी दोघेही दाराशी उभे होतो. अंत्यविधीत नाव उच्चारताना पाद्र्याला कागद पाहावा लागू नये, असे मला नेहमी वाटत आले आहे. चुकीच्या उच्चारात घेतलेले नाव त्या आईपर्यंत पोहोचते. माझ्याकडून एकदा तसे झाले आहे आणि ती आई समोर उभी होती.

त्यामुळे धारावीच्या कारागिराकडून मी ठाण्यांच्या खळग्याचा आकार बदलून तेथे बोटभर जाडीची, शिवलेल्या बांधणीची वही बसेल अशी जागा करून घेतली आहे. वहीला मेणकापडाचे आवरण आहे, सोबत दोन पेन्सिली आहेत, कारण थंडीत पेनातली शाई गोठते. संचात ही वस्तू कोणताही कारखानदार घालत नाही, घालावी असा आग्रहही मी धरणार नाही. पण जो कोणी सैन्यासाठी हा संच घेईल त्याने ही जागा अवश्य करून घ्यावी.

राहिलेल्या वस्तूंविषयी थोडक्यात : तबक आणि भाकरीची डबी निर्दोष आहेत, डबीचे झाकण घट्ट बसते आणि पावसाळ्यातही भाकर मऊ पडली नाही. क्रूस हलका आहे, त्याचा पाया रुंद आहे. तेलाची कुपी पहिल्याच आठवड्यात गळली, मी ती औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या घट्ट बुचाच्या बाटलीने बदलली. स्टोल एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने जांभळा असल्याने दोन न्यावे लागत नाहीत. शिवण सफाईदार आहे. वस्त्रे सुती असून घरी धुता येतात. सारे बदल धरून एकूण खर्च १०,७५० रुपये झाला आणि ठाणी व काचेच्या बाटल्या गेल्यामुळे वजन २ किलोंच्या आत आले.

पेटी घेऊन तो पुण्याला राष्ट्रीय एकात्मता संस्थेत प्रशिक्षणासाठी रुजू झाला आहे. तेथे पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू यांच्याबरोबर तो शिकतो आहे. परवा त्याचा फोन आला होता. वहीचे पहिले पान त्याने आपल्या खोलीतल्या सोबत्यांच्या नावांनी भरले आहे. स्टीलच्या एका बाटलीतून मात्र थेंब थेंब रस झिरपतो, असे तो म्हणाला. झाकणाच्या आतली रबराची चकती सैल आहे, ती माझ्या नजरेतून सुटली. मशीद बंदरला त्या मापाच्या चकत्या मिळाल्या, सहा घेतल्या आहेत, शुक्रवारी पुण्याला जाणाऱ्या आमच्या एका भगिनीबरोबर चार पाठवीत आहे आणि उरलेल्या दोन दुकानातल्या बाईंकडे नमुना म्हणून नेऊन देणार आहे.